शिंगवाली घोरपड

भोर,
१३ नोव्हेंबर २०२५

चि. गोरख यास आत्याचे आशीर्वाद. सवयीने लिहिले; मनातून आज निघत नाहीत.

इकडे सगळे सुखरूप. वेल्ह्याकडे भातकापणी उरकत आली. माझ्या संस्कृतच्या वर्गातली मुलं द्विवचन दिसलं की अजूनही घाबरतात. फोनच केला असता, पण तू "बोल ना गं आत्या" म्हणतोस आणि माझा राग विरघळतो. या वेळी तो शाबूत हवाय, म्हणून पत्र. शेफालीच्या हाती देते आहे. ती समोर बसून वाचायला लावेल. माझी लेक आहे, चहावर फुटणार नाही.

तुझा व्हिडिओ पाहिला. चाहत्या पोरांनी हौसेने बनवलेले, राक्षस पकडून पाळायचे तीन ऑनलाइन खेळ. त्यात सरस कोणता? परीक्षकमहाशय, तिन्ही मीही खेळले. पहिला देखणा, पण तिथे भांडल्याशिवाय कुणी नमस्कारही करत नाही. दुसऱ्यात राक्षस इतके, की माझं मंदगती नावाचं कासव मलाच सापडेना. तिसरा दिसायला ओबडधोबड, पण तिथे माणसं वेशीवर थांबून बोलतात. तू त्यालाच तळाला टाकलंस. टाक. मत तुझं.

पण वेशीवर एका खेळाडूने तुला शिंगवाली घोरपड दिली. बदल्यात काही मागितलं नाही. त्यावर तू खिदळलास, "इतकी दुर्मीळ चीज फुकट! कुठला येडा हा? इथं अक्कल मिळत नाही वाटतं!" आणि जाहीर केलंस, रविवारी लाइव्हमध्ये तिला रानात सोडणार. सोडलेला राक्षस त्या खेळात पुन्हा मिळत नाही, हे तूच सांगितलंस. हसत.

तो येडा माझा भाऊ आहे, गोरख. तुझा बाप.

"राक्षस पकडून पोट भरतं का," म्हणाला होता दादा. त्यावरून तू घर सोडलंस. दोन दिवाळ्या झाल्या, तू त्याचा फोन उचलत नाहीस. चूक त्याची होती, मी तोंडावर सांगितलंय. मग यंदा पावसाळ्यात तो शेफालीकडे आला. "पोरगं त्यात काय बगतंय, मला बी दाव." नांगराला सरावलेला अंगठा, एकदम दोन बटणं दाबली जायची. ती घोरपड त्याने अंड्यापासून वाढवली. तू त्या खेळात येणार हे शेफालीकडून कळलं, तर कापणी टाकून बांधावर मोबाईल धरून बसला.

आणि फुकट का दिली? अरे, आपल्या घरून कोण रिकाम्या हाती परत गेलंय? पाहुणा निघाला की पायलीभर तांदूळ बांधून देतो आपण. त्याला खेळातही दुसरी रीत ठाऊक नाही. तुला ठाऊक होती, म्हणून राग जास्त.

पारावर पोरांनी त्याला तो व्हिडिओ दाखवला. तो येडा हाच, हे पोरांना माहीत नव्हतं. ती हसली, तोही हसला म्हणे. तेव्हापासून मोबाईल फडताळात पडून आहे. मी तावातावाने तुला शिव्या घालत होते, तर मलाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंगल. हसला म्हंजी बगितलं तरी. आन् म्या दिलेलं घेतलं की त्यानं."

तुझी बाजू घेतली त्याने! मला इतका संताप आयुष्यात आला नाही.

माफी माग असं मी सांगणार नाही. सांगून मागितलेली माफी मी वर्गातसुद्धा घेत नाही. रविवारी घोरपड सोडायची तर सोड. फक्त त्याआधी तिची माहिती उघड. मूळ पाळणाऱ्याचं नाव तिथेच दिसतं. तू वाचायची तसदी घेतली नाहीस. शेफालीने विचारलं होतं, "मामा, नाव काय टाकू?" त्याने धनाजी सांगितलं नाही. "गोरखचा बाप" सांगितलं.

अजून तरी तुझी,
मंगल आत्या

ता. क. शेफालीबरोबर पायलीभर नवा तांदूळ आहे. दादाने दिलाय. येडाच तो.