चाकातल्या चिंध्या

२१ सप्टेंबर, माधवनगर

आले बाई एकदाची! वाईहून सातारा, साताऱ्याहून सांगली, आणि सगळा वेळ मांडीवर आईने दिलेला डब्यांचा डोंगर. खोली तळमजल्यावर आहे, खिडकीतून बंद पडलेल्या गिरणीची चिमणी दिसते. उद्यापासून टॉवेलच्या कारखान्यात कापड तपासायचं काम, दहा ते साडेसहा.

सगळ्यात मोठं सुख म्हणजे इथे माझी वाट बघणारं कोणी नाही. वाईला मला यायला जरा उशीर झाला की आई आधी गॅलरीत, मग फाटकात, मग थेट कोपऱ्यावर. तेवीस वर्षांची घोडी झाले तरी तेच. गल्लीतली पोरं मला 'उत्कर्षा, हजर!' म्हणून चिडवायची. आज रात्री नऊपर्यंत उगाच भटकले आणि भेळ खाल्ली. कोणी विचारलं नाही.

२४ सप्टेंबर

सायकल घेतली. कारखाना तीन किलोमीटर लांब, मध्ये दोन्ही बाजूंना ऊस. वाटेत ओढ्यावर मोरी आहे आणि तिथेच शेतातली पाणंद रस्त्याला येऊन मिळते. मोरीजवळ अंबूबाई नावाच्या आजी राहतात, त्यांच्या नवऱ्याची ही सायकल. ते गिरणीत कामाला होते. पस्तीस वर्षं याच सायकलवरून गेले-आले आणि गेल्या साली म्हातारपणाने खाटेवरच शांतपणे वारले.

सायकल लोण्यासारखी चालते. फक्त दोन्ही चाकांच्या तारांना चिंध्या गुंडाळल्यात, थरावर थर, वर चकाकत्या पट्ट्यांचे तुकडे. अंबूबाई म्हणाल्या, "म्होरला दिवा म्होरच्याला दिसतुया, मागला मागच्याला. आन् बाजूनं येनाऱ्यानं काय बगायचं? चाक फिराय लागलं की ह्येचं पांढरं कडं दिसतंय. ते बगून गाडी थांबती." गिरणीवाल्यांच्या घरी दर खंडेनवमीला, जी वाट बघत बसते तिने नवी चिंधी बांधायची रीत होती म्हणे. म्हातारी हुशार आहे. चाकं मात्र भंगारवाल्याची वाटतात.

आईला सांगितलंय की कारखान्याची गाडी न्यायला येते. खोटं आहे, पण तिची झोप वाचली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

कारखान्यात मागांची पूजा झाली, पेढे मिळाले. घरी येऊन मीही सायकल पूजेला काढली. पूजा म्हणजे आधी लख्ख घासणं आलं. ब्लेडने सगळ्या चिंध्या कापून काढल्या, डिझेलने तारा पुसल्या. चाकं अशी निघाली की तोंड बघावं! मग हळदकुंकू, झेंडूचा हार.

नेमक्या तेव्हाच अंबूबाई आल्या. त्या मला रीत दाखवायला आल्या होत्या. कचऱ्यात पडलेल्या चिंध्या बघून त्यांनी तोंडावर हात नेला. कुणी सांगितलं काढायला, म्हणाल्या. मी हसून म्हटलं, आजी, बांधणार कोण? इथे माझी वाट बघायला कोण बसलंय? त्या पेढा न घेताच गेल्या. मला वाईट वाटलं. पण आता कापलं ते कापलं.

४ ऑक्टोबर

आज पडले. चौकात डाव्या हाताने दुचाकीवाला आला तो सरळ अंगावर. कोपर सोलवटलं. मी भांडायला त्याच्या समोर जाऊन उभी राहिले तर तोच घामाघूम. रस्ता मोकळा होता, म्हणाला, आईशप्पथ कोणी नव्हतं. माझा पुढचा दिवा चालू होता. मागचाही.

बरं, चूक माझी. सांगलीतून नव्या चकाकत्या पट्ट्या आणल्या आणि चाकांना लावल्या.

९ ऑक्टोबर

पट्ट्या चमकत नाहीत. त्याच पाकिटातला तुकडा भिंतीला लावून बॅटरी मारली, डोळे दिपले. चाकावर लावला की काळा ठिक्कर.

आणखी एक. कारखान्यात शिवांजली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आज तिने साहेबांना विचारलं, उत्कर्षा आज आली नाही का? मी तिच्या हाताला हात लागेल इतकी जवळ बसले होते. हसत तिच्यासमोर गेले तर ती किंचाळली. मला वाटलं थट्टा करतेय. पण ती नंतर रडत होती.

२२ ऑक्टोबर, वाई

दिवाळी. ओवाळताना आई समोर होती तेव्हा सगळं ठीक. जेवायला पंगत बसली. आई डाव्या बाजूने वाढत वाढत आली आणि माझं ताट ओलांडून पुढे गेली. पुरी नाही, श्रीखंड नाही. मावशी म्हणाली, उत्कर्षा कुठे गेली? आई म्हणाली, येईल, मी थांबते तिच्यासाठी.

मी दोघींच्या मधोमध बसले होते.

आई, म्हणून ओरडले तेव्हा ती वळली, मला पाहिलं, खूप दचकली. कधी येऊन बसलीस, म्हणाली. मी ताट उचलून तिच्या समोर जाऊन बसले.

५ नोव्हेंबर

गळीत हंगाम सुरू झालाय. कामावरून सुटेस्तोवर अंधार. उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. आज मोरीवर एक पाणंदीतून वर आला. दिव्याचा झोत माझ्या अख्ख्या अंगावर होता. ड्रायव्हरचं तोंड दिसलं, माझ्याकडेच होतं. हळू केला नाही. मी ओढ्यात उडी टाकली. वर मागची ट्रॉली सायकलचं कॅरिअर चेपून गेली.

चिखलात बसून ढसाढसा रडले. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय.

६ नोव्हेंबर

अंबूबाईंकडे गेले. दार उघडलं तेव्हा मी तिरकी उभी होते, त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. समोर सरकून पुन्हा कडी वाजवली. पाया पडले. चिंधी बांधा म्हटलं.

"माजा हात चालायचा न्हाई, बाई. मी त्येंची वाट बगत हुते, तुमची न्हाई. वाट बगनाऱ्यानंच बांदायची आस्ती. तुमी आपल्या हातानं काडलासा. माजी वाट बगनारं कोन न्हाई, आसं तुमीच सांगितलंसा रस्त्याला. आता त्येनं ते खरं धरलंय."

मग हळूच म्हणाल्या, "आई हाय न्हवं? बोलवा. लौकर बोलवा."

७ नोव्हेंबर

आईला फोनवर सगळं सांगितलं. गाडीचं खोटंही. वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, उद्या दुपारी निघते. माझं लहानपणीचं पांढरं दुपटं जपून ठेवलंय, त्याच्या चिंध्या करून आणते म्हणाली. आईच्या वाट बघण्याचा मला किती जाच वाटायचा. मूर्ख मी.

८ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. आरशासमोर उभी राहिले, मी होते. एका अंगाला वळून तिरकं बघितलं -

आरशात मागची भिंत होती. भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांसकट.

दाराकडे तोंड करून बसलेय. वळत नाही.

साडेसहा

आई सांगलीत उतरली. रिक्षावाल्याला माझी गल्ली माहीत नाही, मोरी माहीत आहे. तिला अंधारात एकटीला कशी उभी करू? जाते. सायकल चालवणार नाही, हातात धरून नेणार. तिचा पुढचा दिवा तरी आहे. सांगलीकडे तोंड करून उभी राहीन. समोरून दिसतेच मी. समोरून दिसते.

सात, मोरीवर

उभी आहे. वही सायकलच्या सीटवर ठेवून लिहितेय. अंबूबाईंच्या घराला कुलूप. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग अडकलीय, पार लांबपर्यंत.

आईचा फोन. रस्ता बंद म्हणून रिक्षा पाणंदीतून आणलीय. आलोच, म्हणाली. चिंध्या हातातच धरल्यात, म्हणाली.

पाणंद माझ्या डाव्या हाताला -

दिवा दिसतोय. एकच, हलतोय. मी पाणंदीकडे वळले. तोंड करून उभी राहिले.

तो अजून डावीकडेच आहे.

पुन्हा वळले. डावीकडे. सायकलसकट गोल फिरले, तरी डावी - खाली उतरावं तर दोन्हीकडे ऊस भरलेल्या ट्रॉल्या, फट नाही -

फोन लावला. कुठे आहेस, म्हणते. समोरच आहे गं आई, थांबव, थांबव रिक्षा - ती म्हणते, रस्ता तर मोकळा आहे, बाळा -

ती दिसतेय. रिक्षातून बाहेर वाकलीय. मांडीवर पांढरं काहीतरी. इतकी जवळ, आणि अजून माझी वाट ब