सरदारची पाठ आणि मामांच्या मिशा

रविवार, दि. २० एप्रिल २०२५, सकाळचे साडेसहा. ओसरीवर बसलो आहे. केस धुऊन टॉवेलने नुसते टिपले आहेत (घासायचे नसतात) आणि ते वाळेपर्यंत हे पत्र लिहीत आहे.

तीर्थस्वरूप नाथाजीमामा,

डोके टेकवून नमस्कार. (आता टेकवता येते, उशीला चिकटत नाही.) गुडघा कसा आहे? मामींना आईच्या कुरडया पोचल्या का? आम्ही सगळे बरे आहोत, सरदार तर फारच बरा आहे. सरदार म्हणजे आमच्या दादांचा मेंढा हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण पत्र मामीही वाचतात म्हणून लिहिले.

हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तुम्ही परेडच्या आवाजात बोलता आणि मी पुढचे विसरतो. सुभेदारसाहेबांनी तुम्हाला ‘पोरगं डोक्याला ग्रीस फासून बसलं होतं’ एवढेच कळवल्याचे समजले. ते खरे आहे, पण अर्धे आहे.

मूळ भांडण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही माझ्यासाठी सुचवलेली सुभेदारसाहेबांची मुलगी संयोगिता साताऱ्यात पार्लर चालवते. माझा फोटो बघून ती म्हणाली, हे केस आहेत की घायपात? तुम्ही तिथूनच मिलिटरी कटचा हुकूम सोडला आणि मी जन्मात पहिल्यांदा तुम्हाला नाही म्हणालो. केस आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने राठ झाले आहेत, त्यात त्यांचा काय दोष? तेव्हा तुम्ही म्हणालात, “ह्याच डोक्यानं होकार आणलास, तर मिशा उतरवतो गड्या! न्हाई आणलास तर वस्तरा माझा, डोकं तुझं.” मी बरे म्हणालो. त्या दिवसापासून झोप गेली.

मग शनिवारी, १२ तारखेला, मी सांगलीला, विश्रामबागेत गेलो. दुकानात अर्फा नावाची मुलगी होती (नाव छातीवरच्या पट्टीवर होते, मी विचारले नाही). तिने फळीभर बाटल्या मांडल्या. फवारा पातळ केसांना, क्रीम जाड आणि कुरळ्या केसांना, सीरम वरून चमकेला. मी प्रत्येकीची मागची बाजू वाचत होतो, तेवढ्यात मागे रांग लागली. शेवटी ती म्हणाली, “दादा, हे क्रीम घ्या. तेल नाही हे. धुतलेल्या ओलसर केसांना, हरभऱ्याएवढं, मधल्यापासून टोकापर्यंत. टाळूला नाही. लावल्यावर धुवायचं नाही. आणि आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला येऊ द्या.” ह्याला लीव्ह-इन म्हणतात. बोअर आटल्यापासून आठवड्यातून एकदा टँकर येणाऱ्या गावाला, धुवावे न लागणारी वस्तू मीच पहिल्यांदा आणली, ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

बाटलीवर लिहिले होते की आधी थोड्या जागेवर लावून बघावे. स्वतःचे डोके धोक्यात घालण्याइतका मी धाडसी नाही हे तुम्ही जाणता. त्याच शनिवारी टँकर आला होता आणि दुसऱ्या दिवशी यात्रेत जनावरांचे प्रदर्शन होते, म्हणून दादा सरदारला धूत होते. मी त्याच्या ओल्या पाठीवर हरभऱ्याएवढे क्रीम लावून फणी फिरवली. दादा ओरडले, “आरं, माणसाचं औषध जनावराला?” पण ऊन लागल्यावर तेवढीच पाठ अशी चमकली की तेच म्हणाले, “बाकीचा मेंढा काय सावत्र हाय व्हय?” सरदारला सगळीकडे लावून झाले. पुन्हा धुऊन, नीट, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. रविवारी सकाळी त्याचा पहिला नंबर आला. नारळ दादांना मिळाला, फेटा सरदारला.

पण घरी आलो तर बॅरल कोरडे. पाणी सगळे सरदारच्या अंगावर गेलेले, डोक्यात यात्रेचा फुफाटा आणि पाहुणे, म्हणजे सुभेदारसाहेब आणि संयोगिता, मला बघायला वाटेवर. मी क्रीम न लावता बसायचे ठरवले होते. पण आई ती, ऐकते होय? “लावलेलं मुरलं पायजे,” म्हणत तिने उरलेली बाटली तळहातावर पालथी केली आणि कोरड्या धुळीवर टाळूला चोळली, लहानपणी तेल चोळायची तशी. मामा, मी आरशात बघितले आणि मला तुमचा वस्तरा दिसला.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, माझ्याकडे कोणी बघितले नाही. संयोगिता मात्र उठून गोठ्यात गेली आणि सरदारच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ह्याला काय लावता?” मी म्हणालो, माझं क्रीम. कसं लावलं विचारले. मी ओलसर केस, हरभरा, मधल्यापासून टोकापर्यंत, सगळे सांगितले. ती म्हणाली, “माझ्या पार्लरातल्या पोरींना अजून हे जमत न्हाई. मग सोताच्या डोक्याचं असं का केलं?”

आई दारातच उभी होती. मी म्हणालो, माझंच चुकलं, जास्त लागलं.

आईने डोळ्याला पदर लावला. “आवं, त्यो खोटं बोलतोय! म्याच चोळलं. पाणी मेंढ्यानं संपवलं आन् बाटली म्या!” सुभेदारसाहेब बाहेर आले. संयोगिता तोंडावर हात धरून हसत होती. म्हणाली, “बाबा, केस ऱ्हाऊ देत ह्यांचे. फकस्त आत्यांच्या हातात बाटली देऊ नगा.”

मामा, ती आईला ‘आत्या’ म्हणाली, सासूला म्हणतात तसे. ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे होकार म्हणतात.

आपला भाचा,
इंद्रजित

ता. क. १ : तुमच्या मिलिटरी कॅन्टीनच्या कार्डावर असे क्रीम मिळते का बघा. मिळाल्यास चार बाटल्या घ्याव्यात. लोक त्या कार्डावर कसल्या बाटल्या मागतात ते मला ठाऊक आहे, पण दादांनीही ह्या वेळी क्रीमच मागितले आहे.

ता. क. २ : माझ्यासाठी एक. तीन सरदारला.

ता. क. ३ : मिशांचा विषय मी काढणार नव्हतो, संयोगितेने काढला. ती म्हणते उतरवू नका, लग्नाच्या फोटोत लागतील, फक्त मऊ करा. सोबत बामच्या रिकाम्या डबीत बाटलीतले पुसून काढलेले क्रीम आहे. ज्वारीच्या दाण्याएवढे, मामा. आईला फोन करून विचारू नका.

हिशोब : क्रीम ४४९ रुपये, एसटी जाऊन-येऊन २८० रुपये. तुमच्याकडून येणे : मिशा, एक जोडी. माफ.