कंदील, हातोडा आणि व्हेरोनाची पायरी

२१ एप्रिल १९४५
बोलोन्या पडलं! टेलिफोनचा बोर्ड एक मिनिट गप्प नाही. दोन हिवाळे डोंगरात रुतून बसलेली आमची अमेरिकन पाचवी आर्मी आज नुसती सुसाट सुटलीय.

हातोडा पहाटेपासून लाइनवर. "काय गं कंदील, जागी आहेस का घोरतेयस?" कंदील म्हणजे आमच्या मुख्यालयाचं एक्स्चेंज, हातोडा म्हणजे आघाडीवरच्या सैन्यदलाचं. लाइनवर खरं नाव घ्यायचं नाही — नियम! दीड वर्ष झालं. त्याचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही. नुसता आवाज! तोफगोळ्यानं तार तुटली की तो आवाज बंद पडतो आणि मला घास उतरत नाही. जडलंय प्रेम, दुसरं काय.

२७ एप्रिल
पो नदी ओलांडली. बोर्ड, तंबू, आम्ही बायका — सगळे ट्रकात कोंबलेले. शेजारच्या खाटेवरची ओपल दिवसभर पिडतेय. "अगं, टकला निघाला तर? चार पोरांचा बाप निघाला तर?"

टकला चालेल. चार पोरं नाही चालायची!

२ मे
संपली!!! इटलीतल्या जर्मनांनी शस्त्रं टाकली! हातोड्याला मीच सांगितलं. तिकडून अशी आरोळी आली की कानाला दडे बसले. मग एकदम हळू आवाजात —
"परवा दुपारी. व्हेरोना. रोमन आखाड्याच्या मोठ्या दारातली पायरी. येशील?"
"ओळखू कशी?"
"दीड वर्ष काय कापूस घालून ऐकत होतीस? आवाज पुरे."

खरंच पुरे! हजारात ओळखीन. रंग, उंची, काही विचारलं नाही. त्यानंही नाही.

नंतर सगळे बाहेर पडलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो. ओपल ट्रकच्या टपावर नाचली. मी तर कुणाला ऐकतच नव्हते.

३ मे
घसा बसला. पार! तोंड उघडलं की नुसती हवा. सार्जंटबाईंनी बोर्डावरून उठवलं. मिठाच्या गुळण्या करतेय. ओपल निरोप द्यायला बघत होती, पण हातोड्याचं एक्स्चेंज हलतंय, लाइनच नाही. उद्या कसं होणार माझं!

४ मे
पायरीवर आधीच एक लांबोडका शिपाई बसलेला. गळ्याला टॉवेल, ढिम्म. मला बघून सरकला, लिमलेटची गोळी पुढे केली. गोळी कसली देतोस मेल्या! शेजारी हा बसलेला दिसला तर हातोडा आल्या पावली परत जाईल की! मी घोगऱ्या आवाजात, "ऊठ. ही जागा माझी आहे." त्यानं नाही म्हणून मान हलवली, बोट पायरीकडे केलं. मी म्हटलं, "लष्करी पोलिसांना बोलावीन." तेव्हा कुठे उठला. समोरच्या खांबाशी जाऊन उभा राहिला, खुन्नस देत.

अंधार पडेपर्यंत बसले. तोही शेवटी निघून गेला. हातोडा आला नाही. ओपलच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले.

६ मे
हातोडा एक्स्चेंज बंद. माणसं कुठे पांगली, कुणालाच ठाऊक नाही.

३ ऑक्टोबर १९४५, शिकागो
पेपरात एवढीशी बातमी. पाचवी आर्मी बॉस्टनजवळच्या छावणीत बरखास्त. आता शोधायचं तरी कुठे?

११ जून १९४६
आर्मी पुन्हा उभी राहतेय! शिकागोत! माझ्या गावात! मुख्यालयाला टेलिफोनवर बायका हव्यात म्हणे. आई भांडी आपटत म्हणाली, "पुन्हा ते सैन्य? पोरी, जरा लग्नाचं बघ." लग्नाचंच बघतेय, आई. पण बोलले नाही. अर्ज देऊन आले.

२४ जून
नोकरी लागली! सकाळपासून बोर्डाची प्रत्येक दोरी खोचताना कान टवकारलेले. आवाज येतात, जातात. तो नाही.

२६ जून
कॅन्ससच्या छावणीतून ट्रंक कॉल. मी म्हटलं, "शिकागो. नंबर सांगा." पलीकडून मग —

"...कंदील? का नाही आलीस गं! घसा बसला होता माझा, हाकही मारता येत नव्हती. त्यात एका खत्रूड बाईनं पायरीवरून हाकललं मला!"

मी म्हटलं, "तीच बोलतेय."