चहासोबतची गोळी

३ एप्रिल
कारखान्यात शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन. मान वर करायला फुरसत नाही, वर हे ऊन. मशीनवर बसून सगळ्याजणींची कंबर गेलेली, म्हणून दुपारच्या चहाला दुखण्याच्या गोळ्या वाटायच्या, पाळीपाळीनं पाकीट आणायचं. आज पाळी पद्मक्काची. "घे गं सुरेखा, नाहीतर संध्याकाळपर्यंत बसशील कशी?" घेतली. पाणी दोन घोटच. संडास एकच, तोही पार गोडाऊनच्या मागं. कोण जाणार?

८ एप्रिल
सासूबाई करकंबहून आल्या. दारातच, "तोंड भरलंय की तुजं! सोलापूरचं पाणी मानवलं." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आरशात बघितलं तर डोळ्यांखाली फुगलेलं. झोप जास्त झाली असंल.

११ एप्रिल
पाय इतके सुजले की जोडवी बोटांत रुतली. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. कापायचं म्हटलं तर सासूबाई, "सवाष्णीच्या पायातली जोडवी कापतेत व्हय? गप बस." माझं डोकंच फिरलं. बोट काळं पडायला लागलं तेव्हा यांनीच पक्कड आणून कापली. सासूबाई देवापुढं जाऊन बसल्या.

१३ एप्रिल
लघवीला फेस. आजच नाही, चार दिवस बघतेय. कुणाला सांगायचं असलं? शेवटी यांना सांगितलं. "उद्या डॉक्टर." म्हटलं, ऑर्डर संपू दे. तर एकदम ओरडले, "खड्ड्यात गेली ती ऑर्डर!" एवढ्या वर्षांत असे कधी ओरडले नव्हते.

१४ एप्रिल
जुळे सोलापूर भागातल्या डॉक्टरीणबाई. प्रेशर वाढलेलं. पायावर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. "दुखण्याच्या गोळ्या घेता?"
"रोज एक. कधी दोन."
"कधीपासून?"
"झाली की तीन-चार वर्षं."
बाईंनी ते कागदावर लिहून खाली रेघ ओढली. रक्त, लघवी तपासायला दिली.

१६ एप्रिल
क्रिएटिनिन वाढलंय. किडनी रक्त नीट साफ करत नाही, एवढं कळलं. गोळ्यांनी की प्रेशरनं, ते बाई आत्ताच सांगत नाहीत. दुखण्याची गोळी बंद, प्रेशरची सुरू. आठवड्यानं परत रक्त. आकडा उतरला तर ठीक, नाहीतर किडनीचे डॉक्टर. डायलिसिस लागंल का विचारायचं होतं. न विचारताच चिठ्ठी घेऊन उठले. भीती वाटते, लई भीती वाटते.

१७ एप्रिल
चहाला सगळ्यांना सांगितलं. पद्मक्का हातात गोळी धरून, "मेडिकलवाला देतो की, मग वाईट कशी असंल?"
"अगं, रोज वाईट! माझं बघ की काय झालं!" एवढ्या जोरात बोलले की मशिनी थांबल्या.
पद्मक्कानं गोळी परत पाकिटात सरकवली. मग हळूच, "पण कंबर?"

२३ एप्रिल
सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट यांच्या मोबाइलवर येणार होता. दिवसभर कामात लक्ष नाही, बाही उलटी जोडली.
आत्ता मोबाइल वाजला. हे म्हणाले, तू बघ. मी म्हणाले, तुम्ही बघा. सासूबाई आतून, "आला का रं?"
शेवटी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवलाय. एवढं लिहून घेते. नंतर हात चालंल की नाही, कुणास ठाऊक.
सासूबाई बाहेर आल्या, "लिहीत काय बसलीस गं? उघड की."
उघडते