शेर्लीला विचारले तसे

भद्रावती,
१० जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप बाबांस,
चंचलचा शि. सा. न. वि. वि.

धानाचे चुरणे आटोपून पोती घरी आली, हे मुखरूमामांकडून कळले. आईचा खांदा आता कसा आहे? मामींनी तिच्यासाठी मोहाच्या तेलाची बाटली भरून ठेवली आहे. माझी बी. ए. ची शेवटची परीक्षा मार्चअखेर आहे. मामांकडे अभ्यास नीट चालला आहे.

मामांच्या क्वार्टरशेजारचे कुरियनकाका आपणास आठवत असतील. त्यांच्या दारात वाळत घातलेली मासळी पाहून आपण नाकाला दुपट्टा लावला होता, तेच. त्यांच्या शेर्लीचे लग्न ठरले आहे. त्यांच्या घरी रोज सांजेला येशू, मरिया आणि योसेफ यांच्या तसबिरीपुढे सगळे एकत्र गुडघे टेकतात. धाकट्याला डुलकी लागली की काका त्याचा कान पिळतात, पण प्रार्थना थांबवत नाहीत. मग जेवायलाही सगळे एकत्रच बसतात. काकू मागाहून एकट्या जेवत नाहीत. मला हे फार आवडते.

परवा मी शेर्लीसोबत चर्चमध्ये गेले होते. तिथे लग्नाआधी फादर मुलीला खोलीत एकटीला बोलावतात. आईवडिलांना बाहेर थांबावे लागते. मी काकांशेजारी व्हरांड्यात बसले. शेर्लीने बाहेर आल्यावर सांगितले की, हे लग्न तू स्वतःच्या मनाने करतेस की कुणी भाग पाडले, असे फादरांनी विचारले. ती नाही म्हणाली असती, तर त्यांनी लग्न लावलेच नसते. अन्नम्माकाकू म्हणतात, देवानेसुद्धा आधी दूत पाठवून मरियेला सांगितले आणि तिच्या होकाराची वाट पाहिली.

मूल गावची मंडळी मला पाहायला आली, तेव्हा त्यांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक, चष्म्याचा नंबर, सारे विचारले. हे एक मात्र कुणीच विचारले नाही. बाबा, आपण मला एकदा विचाराल का?

आपल्या मायेची सावली अशीच राहू द्यावी.
आपली आज्ञाधारक,
चंचल

सिंदेवाही,
१८ जानेवारी १९९९

चि. चंचल हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. इकडील सर्व ठीक. हौसेने तुझे नाव चंचल ठेवले, अन् तू पाहुण्यांपुढे बसली की गोटा. पत्रात मात्र लई बोलून राह्यली. तुझी आत्या विचारे, पोरगी धर्म सोडते का काय. मी तिले म्हटलं, मासळीच्या वासात राहून पहिला नंबर आणून राह्यली, तिची काळजी तू नको करू.

पण त्याच्यात विचारायचं काय? मूलचा गोपाल चांगला पोरगा आहे. धान संशोधन केंद्रात नोकरी आहे, दारू नाई, खर्रा नाई. तुझ्या आजोबाने तुझ्या आईले विचारलं नाई, त तिचा संसार बिघडला का? गोपालची आई तर म्हणाली, पोरगी बोलत नाई हेच बरं. लग्न झाल्यावर पुढचं शिक्षण कायले, असंही तिचं म्हणणं आहे. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी साक्षगंध ठरलं. तू मन लावून अभ्यास कर.

तुझ्या आईचा तुले आशीर्वाद. माया आहे, ती वाढव.
तुझा बाबा

भद्रावती,
२५ जानेवारी १९९९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्यांना सांगावे की मी धर्म सोडत नाही. सोमवारचा उपासही सोडलेला नाही. कुरियनकाकांचे घर म्हणजे स्वर्ग आहे, असेही नाही. काका रागावले की साऱ्या वसाहतीला मल्याळम ऐकू येते. मला त्यांच्याकडून एवढी एकच गोष्ट घ्यावीशी वाटते.

चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे आपण जाणता. न बोलणे म्हणजे होकार, असे सर्वांनी धरले आहे. म्हणून लिहिते आहे. आजोबांचे चुकले, असे म्हणण्याची माझी योग्यता नाही. पण आईचा संसार बिघडला का, असे आपण मला विचारलेत. ते आईला विचारून पाहाल का?

मर्यादा सोडून लिहिले असेल, तर पोटात घालावे.
आपली,
चंचल

सिंदेवाही,
३ फेब्रुवारी १९९९

चि. चंचल हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मले राग आला होता. तुले खोटं पाडावं म्हणूनच तुझ्या आईले विचारलं. ती धानाच्या बांधीत लाखोळीची भाजी खुडून राह्यली होती. मी तिले म्हटलं, आपल्या लग्नाआधी तुझ्या बापाने विचारलं असतं त तू काय म्हटलं असतं? ती हासली, म्हणे या वयात डोकं फिरलं का. मी काही सोडलं नाई. त म्हणाली, तवा विचारलं असतं त नाई म्हटलं असतं. तुमच्या मिशीचं भेव वाटलं होतं, अन् मले शाळा शिकायची होती. आता विचारून राह्यले, त हो म्हणते. अन् पुन्हा भाजी खुडाले लागली.

बेटा, ते हो मले गोड लागलं. पण जेवताना ते नाईच आठवत राह्यलं. एवढी वर्षं तिनं ते कुठी ठेवलं होतं? त्या दिवशी मी तिले सोबत जेवाले बसवलं. अर्ध्यातून उठली, म्हणे वाढाले कोण उठंल. दुसऱ्या दिवशी मी उठलो. वरण सांडलं.

आपल्याकडे फादर नाई, म्हणून मीच विचारतो. एकटी बसून वाच, मामाले दाखवू नको. तुले हे लग्न करायचं आहे का? नाई असंल त मूलले मी जाईन, अन् जे ऐकावं लागंल ते मी ऐकीन. आत्या बोलंल, बोलू दे.

उत्तराची वाट पाहतो.
तुझा बाबा

भद्रावती,
८ फेब्रुवारी १९९९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मी शेर्लीच्या परसात, पपईच्या झाडाखाली एकटीने वाचले. शेर्ली दारात उभी राहून कुणाला येऊ देत नव्हती, मामींनाही नाही.

आपण विचारलेत, म्हणून सांगते. नाही.

गोपालरावांत काही उणे नाही, हे मूलला अवश्य सांगावे. मला पाहायला आले, त्या दिवशी माझ्या हातून पाणी सांडले, ते त्यांनी आपल्या रुमालाने टिपले. ते मी विसरलेले नाही. पण मला नागपूरला एम. ए. करायचे आहे. आज हो म्हटले, तर माझेही नाही आईसारखे कुठेतरी ठेवून द्यावे लागेल, आणि तेवढी जागा माझ्याजवळ नाही. आपणास मूलला काय ऐकावे लागेल, ते मला कळते. पुन्हा कधी असा प्रसंग आला, तर असेच विचारावे. उत्तर निराळे असू शकेल.

हे पत्र आईला वाचून दाखवावे. आत्या बसल्या असतील, तर त्यांच्यादेखत वाचावे. माझा आवाज लहान आहे. म्हणून वरचा तो एक शब्द आपण जरा मोठ्याने वाचावा.

आपल्या लोभास पात्र राहू इच्छिणारी,
आपली,
चंचल