झाकणावरचा हात

२४ एप्रिल २०२५, लिंबायत, सुरत

पोचलो बुवा सुरतेला! नंदुरबारपासून खिडकी मिळाली, उतरल्यावर सुनेच्या हातची शेवभाजी. म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे? चंचल घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. त्या आता माझ्या गादीला, सदऱ्याला, चहाच्या कपालासुद्धा लागल्यात. मी म्हटलं, सासरा नवरीसारखा चमकायला लागला की गं! हसली बिचारी.

कॉम्प्युटर पुसून ठेवलाय तिने. योगराजचा, माझ्या पोराचा. तो पलसाण्याकडच्या एका मिलमध्ये जेट मशीनवर होता. कापड रंगवायची बंद टाकी असते ती, आत दाबाखाली कढत पाणी. टाकी निवण्याआधी झाकणाला हात लागला तर घंटा वाजवणारा प्रोग्रॅम तो घरी लिहीत होता. अर्धाच राहिला. गेल्या पावसाळ्यात झाकणाची कडी निसटली. मागची माणसं बाहेर पडेपर्यंत पोरगं झाकण दाबून उभं राहिलं. माणसं वाचली, तो गेला.

आज त्याच मशीनवर चंचलचा भाऊ हेमराज आहे. म्हणून आलोय. घंटा मी पुरी करणार.

२६ एप्रिल

प्रोग्रॅम लिहायची जागा फुकटची शोधली, एक्लिप्स नावाची. चंचलने अर्थ विचारला. ग्रहण, म्हटलं. तिने कपाळाला हात लावला, आबा, दुसरं नाही का मिळालं? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, पोरी.

त्यात जेयुनिट बसवलं. प्रोग्रॅमची परीक्षा घेणारं ते. आपण विचारायचं, टाकी तापलीय, झाकणाला हात लागला, घंटा वाजली का? वाजली तर हिरवी पट्टी, नाहीतर लाल. जन्मभर लूम दुरुस्त केले, प्रोग्रॅम लिहायला पोरानेच शिकवलं. धागा कुठे तुटला हे शोधायची खोड आहेच हाताला. दुपारपर्यंत पहिली हिरवी पट्टी दिसली आणि मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

३० एप्रिल, आखाजी

अक्षय तृतीया, गेलेल्यांना जेवू घालायचा दिवस. पोराची पहिली आखाजी. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या केल्या. नाव घेऊन बोलावलं, निखाऱ्यावर घास ठेवला. आमच्यात ज्याला नाव घेऊन बोलावलं त्याला जेवल्यावर वाट द्यायची असते. दाराबाहेर पाणी सोडायचं, बोळवण करायची. चंचलने तांब्या हातात दिला. मी परत ठेवला. राहू दे म्हटलं, आजचा दिवस राहू दे त्याला घरात. तिने तोंडाला पदर लावला.

मग कामाला बसलो. परीक्षेचंही तसंच असतं. आधी मांडामांड, मागून आवराआवर. मांडामांडीत टाकी मांडली, झाकण मांडलं, झाकणावर हात ठेवायला एक खोटा कामगार मांडला. त्याला नाव लागतं. योगराज लिहिलं. फार बरं वाटलं. आवराआवरीत तोच कामगार पुसायचा असतो. ती जागा रिकामी सोडली. बापाचा हात कसा उचलणार?

२ मे

पट्टी लाल. कालपर्यंत हिरवी होती. एक अक्षर बदललं नाही. पुन्हा चालवली, पुन्हा लाल.

स्वयंपाकघरातून चंचलची हाक आली, आबा, हाऊ वास कथाईन ई राहिना? गेलो तर गरम रंगाच्या पाण्याचा वास. योगराज कामावरून आला की त्याच्या कपड्यांना यायचा तोच. मिठाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं. दोघांनी ओढलं. वरून कुणीतरी दाबून धरल्यासारखं. आणि चटका बसेल इतकं तापलेलं.

३ मे

आता सगळीच झाकणं. पीठ, लोणचं, पाण्याचा माठसुद्धा. प्रत्येकावर मरून रंगाचा ओला पंजा. करंगळी वाकडी. लहानपणी दारात चेमटली होती त्याची, मीच मोडलेल्या कंगव्याची पट्टी बांधली होती.

चंचल पंज्यावर पंजा ठेवून बसली होती. मी उठवलं नाही.

परीक्षा चालवली की पंजे गडद होतात. मी चालवतोय आणि तो जळतोय. पुन्हा पुन्हा — देवा, मी हे काय करून बसलो!

५ मे

आवराआवर लिहिली. योगराज पुसणारी ओळ. रडत लिहिली. दाराबाहेर पाणीही सोडलं, जा राजा म्हटलं.

गेला नाही. लाल पट्टीखाली एक ओळ आली. मी लिहिलेली नव्हे —

झाकण सोडता येत नाही. मागे माणसं आहेत. दुसरा हात नाही.

असाच होता. घास टाकून शेजाऱ्याच्या हाकेला धावणारा.

६ मे

चंचलच्या हातावर फोड आलेत. रात्रंदिवस झाकणं धरून बसते, म्हणते ते दमले असतील. जेवत नाही. ऐकत नाही. तिलाही घेऊन जाईल हे —

नको. तिला नको.

७ मे

हेमराजला बोलावलं. घंटा त्याच्या हवाली केली. ती ठीक वाजते, दोष तिच्यात नव्हताच. मिलमध्ये आजच बसव म्हटलं. आणि बहिणीला चार दिवस घरी ने. चंचल जाईना. हेमराजने धरून नेलं. जाताना तिने विचारलं, आबा, तुम्ही जेवाल ना? हो म्हटलं.

दार लावलं. मांडामांडीत दुसरा कामगार मांडला. सुकदेव. माझं नाव. हात झाकणावर.

७ मे, दुपार

चालवली.

हिरवी.

वास कमी. पंजे फिके पडतायत — मीठ उघडलं — लोणचं — माठ —

पाठीमागे कुणीतरी. वळलो नाही. ओले केस माझ्या मानेला लागले. तो घरातून निघताना नेहमी येतो म्हणायचा. आज येतो नाही, जातो म्हणाला. जास, आबा.

पावलं दाराकडे. बाहेर. सुकत गेली.

गेला माझा वाघ. मोकळा झाला.

आता हात गरम — डावा टेबलावर चिकटलाय, उचलत नाही. टेबल नाही हे, लोखंड — उजव्याने लिहितोय. खालून दाब आहे. पोरा, एवढं जड धरून होतास —

त्याची बोळवण लिहिली होती. माझी लिहायची राहिली. चंचल, तू इथे येऊ नकोस, परीक्षा चालवू नकोस, कुणी माझं नाव घेऊन घास ठेवू न —