क्रेटवरची चिकटपट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्यामुळे चांगले पार्ट बाद झाले. इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवलेले, शब्दांच्या सुरुवातीला येणारे लॅटिन तुकडे पाठ व्हावेत म्हणून मी ते चिकटपट्टीवर लिहून मशीनला लावते. 'मॅल म्हणजे वाईट' ही पट्टी क्रेटला कशी चिकटली, देव जाणे. तपासणीच्या सुनीताताईंनी 'वाईट' तेवढं वाचलं आणि अख्खा क्रेट बाद मालाच्या लाल रॅकवर ठेवला.

लाइन लीडर शिंदेभाऊंना सांगावंच लागलं, ऑफिसच्या जागेसाठी परीक्षा देतेय म्हणून. इतके दिवस लपवलं होतं. ते रागावले नाहीत. पट्टी हातात धरून म्हणाले, "मग चांगल्याला काय म्हणतात?"

आठवेना. कालच पाठ केला होता.

शिफ्ट सुटल्यावर सुनीताताई आणि मी एकेक पार्ट पुन्हा तपासला. तोवर चाकणहून पिंपरीला येणारी कंपनीची बस निघून गेली. सगळे पार्ट चांगले निघाले, तरी तो शब्द आठवेना. परीक्षेतही असंच झालं तर?

पाय ठणकतायत. आत्ता वही उघडली. बेने. एवढासा तर आहे.

नव्या पट्टीवर लिहिलाय. उद्या शिंदेभाऊंच्याच हातात देईन. क्रेटपासून लांब.